खलनायकाच्या शोधात : गोरिला, बिबट्या आणि माळावरचा लांडगा

(कोरेगाव भीमा इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



कोरेगाव भीमा म्हटलं की बाहेरच्या माणसाला इतिहास आठवतो, आणि ते योग्यच आहे. इथे राहणाऱ्याला त्याच्या बरोबरीनं नगर रस्त्यावरचं ट्रॅफिक आठवतं, सणसवाडी-शिक्रापूरच्या कंपन्या आठवतात, नदीकाठचा ऊस आठवतो आणि अलीकडे बिबट्याही आठवतो. आज आम्ही बोलणार आहोत ते सिनेमाबद्दल. पण सुरुवात आफ्रिकेतल्या विरुंगा डोंगरांत करायची आहे, आणि यायचंय परत इथेच, शिरूर-दौंडच्या माळावर.

प्रश्न साधा आहे. माणसामुळे एखादा वन्यप्राणी संपत चालला आहे, ही गोष्ट सिनेमा आपल्याला कशी सांगतो? आणि तशी सांगितल्यामुळे काय दिसायचं राहून जातं? त्यासाठी दोन चित्रपट समोर ठेवू. पहिला १९८८ चा ‘गोरिलाज इन द मिस्ट’, दिग्दर्शक मायकल ॲप्टेड. दुसरा आपला मराठी, २०१४ चा ‘आजोबा’, दिग्दर्शक सुजय डहाके. दोन्ही खऱ्या घटनांवर उभे आहेत. दोन्हींत एक बाई आहे, शास्त्रज्ञ आहे, आणि एका जनावराचा ध्यास घेऊन ती बाहेर पडली आहे. दोन्ही चित्रपट मनापासून केलेले आहेत. त्यामुळे त्यांच्याशी भांडायचं तर तेही मनापासूनच भांडावं लागेल.

आधी गोरिला. डायन फॉसी ही अमेरिकन बाई १९६७ साली रवांडामध्ये गेली आणि करिसोके नावाचं संशोधन केंद्र तिनं डोंगरात थाटलं. पुढे अठरा वर्षं ती डोंगरी गोरिलांच्या मागे होती. डिसेंबर १९८५ मध्ये तिचा तिथेच, तिच्या झोपडीत खून झाला. चित्रपटात तिची भूमिका सिगर्नी वीव्हरनं केली आहे. हा चित्रपट यायच्या आधी जगातल्या बहुतेकांच्या मनातला गोरिला म्हणजे १९३३ चा ‘किंग काँग’ होता. छाती बडवणारा, बाई पळवणारा, इमारतीवर चढणारा राक्षस. फॉसीच्या कामानं आणि मग या चित्रपटानं ते चित्र पुसलं. पाला खाणारं, पिल्लाला अंगावर खेळवणारं, कुटुंबानं राहणारं एक शांत जनावर लोकांनी पडद्यावर पाहिलं. ही कामगिरी मोठी आहे, ती कमी लेखायचं कारण नाही.

आता चित्रपटाचा कणा बघा. डिजिट नावाचा एक नर गोरिला फॉसीचा लाडका. १९७७ च्या अखेरच्या दिवशी शिकाऱ्यांनी त्याला मारलं, डोकं आणि हात तोडून नेले. हे खरंच घडलं. चित्रपटाचा सगळा संताप या एका प्रसंगाभोवती गोळा होतो. तिथून पुढे गोष्ट सरळ दोन बाजूंची होते. एकीकडे फॉसी आणि गोरिला, दुसरीकडे शिकारी. आणि शिकारी म्हणून आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो तिथला जंगलात राहणारा त्वा जमातीचा माणूस. अनवाणी, हातात भाला.

इथे समीक्षकानं थांबून विचारायला हवं, की या माणसानं लावलेला फासा मुळात कोणासाठी होता? बहुतेक वेळा तो गोरिलासाठी नव्हताच. तारेचे, दोरीचे फासे लावले जात छोट्या हरणांसाठी, घरच्या मांसासाठी. गोरिलाचा हात किंवा पाय त्यात अडके, तार रुतत जाई, जखम चिघळे. गोरिला मेला तरी फासे लावणाऱ्याच्या हाती काही लागत नसे. आपल्याकडे कोकणात रानडुकरासाठी शेताच्या कडेला मोटारसायकलच्या क्लच-वायरचे फासे लावतात आणि त्यात बिबट्या अडकल्याची बातमी अधूनमधून येते. अगदी तोच प्रकार. फासा लावणारा निर्दोष आहे असं आम्ही म्हणत नाही. पण बिबट्याचा शत्रू म्हणून तो पहाटे घरातून निघालेला नसतो.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. १९६० च्या दशकाच्या अखेरीला रवांडातल्या त्याच राष्ट्रीय उद्यानाची सुमारे १० हजार हेक्टर जमीन काढून घेतली गेली. उद्यानाचा जवळजवळ चाळीस टक्के भाग. कशासाठी? पायरेथ्रमच्या लागवडीसाठी. पायरेथ्रम म्हणजे शेवंतीच्या कुळातलं एक पांढरं फूल, त्यापासून कीटकनाशक बनतं. युरोपच्या मदतीनं आलेली ती विकासयोजना होती. कागदपत्रं पूर्ण होती, लाभार्थी शेतकरी होते, उद्देश चांगला होता. गोरिलांचं खालच्या उतारावरचं रान एका योजनेत गेलं. फॉसीनं १९८३ च्या तिच्या पुस्तकात याबद्दल लिहिलं आहे. तरी चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्याच्या मनात भाला राहतो, फूल राहत नाही.

का राहत नाही? कारण फुलाला चेहरा नाही. फुलाचा पाठलाग करता येत नाही, त्याला पकडून झाडाला बांधता येत नाही. सिनेमाला दोन तासांत राग कोणावर तरी काढायचा असतो, आणि सगळ्यात गरीब माणूस त्यासाठी सगळ्यात सोपा सापडतो. नंतरचा इतिहास तर आणखी बोलका आहे. शेजारच्या युगांडात १९९१ मध्ये बविंडी आणि म्गाहिंगा ही राष्ट्रीय उद्यानं झाली, तेव्हा तिथल्या त्वा लोकांना जंगलाबाहेर काढलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहिलेली माणसं भूमिहीन झाली. एका चित्रपटामुळे हे झालं असं म्हणणं बालिश होईल. पण खलनायक कोण हे गोष्टीत एकदा ठरलं, की त्याला बाहेर काढताना कुणाला फार वाईट वाटत नाही, एवढं नक्की.

आणि गोरिलांना आजचे खरे धोके कोणते? पूर्व काँगोमधले ग्राउअर गोरिला दोन-तीन दशकांत निम्म्याहूनही कमी उरले. तिथे युद्ध झालं, हत्यारबंद टोळ्या आल्या, आणि जंगलात कोल्टानच्या खाणी निघाल्या. कोल्टानमधून निघणारा टँटलम हा धातू मोबाईल आणि लॅपटॉपच्या सुट्या भागांत लागतो. खाणकामगारांना खायला लागतं, मग जंगलातलं मांस येतं. दुसरा धोका रोगाचा. २००२-०३ च्या सुमाराला काँगो प्रजासत्ताकातल्या लोसी भागात इबोलानं हजारो गोरिला गेले. आणि साधी माणसाची सर्दीसुद्धा त्यांना भोवते, म्हणून पर्यटकांना काही मीटर अंतर ठेवायला लावतात. विचार करा, हौसेनं आणि प्रेमानं बघायला आलेला माणूस, तोही धोका. या यादीत भालेवाला आहे, पण तो पार शेवटी आहे.

आता गोष्टीचा सुखद भाग. डोंगरी गोरिला वाढले. १९८० च्या आसपास विरुंगामध्ये ते अडीचशेच्या घरात होते. विरुंगा आणि बविंडी मिळून अलीकडच्या गणनांत १०६३ भरले. २०१८ मध्ये त्यांचा दर्जा ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ असा एक पायरी वर आला. हे कशानं झालं? फासे काढणाऱ्या रोजच्या गस्तीनं झालं, आणि त्या गस्तीचा पाया फॉसीनं घातला होता, ते श्रेय तिचंच. पण त्याशिवाय जंगलात जाऊन गोरिलांवर उपचार करणारे पशुवैद्य आले, माग काढायच्या नोकऱ्या स्थानिकांना मिळाल्या, पर्यटन आलं आणि त्या उत्पन्नाचा वाटा आजूबाजूच्या गावांना मिळू लागला. पर्यटनाला फॉसीचा विरोध होता. म्हणजे ज्या उपायांनी गोरिला तगले त्यांतला एक मोठा उपाय या कथेच्या नायिकेला मान्य नव्हता. हा केवढा नाट्यमय विरोधाभास! चांगल्या पटकथाकाराला यातून सोनं काढता आलं असतं. चित्रपटाला तो जमला नाही, कारण शहिदाची गोष्ट सांगायची एकदा ठरली होती.

आता आपल्याकडे येऊ. ‘आजोबा’ची खरी कथा आपल्या शेजारची आहे. २००९ साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला काढलं, गळ्यात जीपीएस पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडलं. संशोधक विद्या अत्रेय यांच्या कामाचा तो भाग होता. तो बिबट्या चालत चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. सुमारे १२० किलोमीटर. महामार्ग ओलांडला, रेल्वेमार्ग ओलांडला, खाडी ओलांडली. वाटेत एकाही माणसाला त्यानं इजा केली नाही. वयस्क म्हणून त्याचं नाव पडलं आजोबा. २०११ च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावर वाहनाच्या धडकेनं तो मेला आणि अंगातल्या चिपवरून त्याची ओळख पटली.

चित्रपटात पूर्वा राव या संशोधकाचं काम ऊर्मिला मातोंडकर यांनी केलं. या चित्रपटाचं आम्हाला पटलेलं बलस्थान असं, की त्यानं ‘नरभक्षक’ हा शब्द बाजूला ठेवून बिबट्याला प्रवासी केलं. भालेवाल्यासारखा एकच एक खलनायकही त्यानं उभा केला नाही. या बाबतीत तो हॉलिवूडच्या दोन पावलं पुढे आहे. विषयही त्यानं योग्य निवडला. जुन्नर भागात २००० नंतर बिबटे पकडून दूर सोडण्याचा सपाटा चालला होता. अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं ते असं, की त्यानंतर माणसांवरचे हल्ले घटण्याऐवजी वाढले. जनावर उचलून दुसरीकडे नेलं म्हणजे प्रश्न नेला, असं होत नाही.

मग तक्रार काय? तक्रार अशी, की एका जनावराला नाव दिलं, त्याचा प्रवास दाखवला, आपण त्याच्या बाजूनं झालो, आणि तिथेच थांबलो. आजोबा आवडतो कारण तो निघून जातो. आपल्या शिवारातून उठून डोंगर ओलांडून अभयारण्यात जाणारा बिबट्या हा शहरातल्या प्रेक्षकाच्या सोयीचा बिबट्या आहे. शिरूरचा बिबट्या कुठे जात नाही. तो उसात राहतो, उसात वितो. ऊसतोडीला फड पेटला किंवा कोयता चालला की पिल्लं सापडतात, हे इथे बसलेल्यांना आम्ही सांगायला नको. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्याच तालुक्यात पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसं गेली, त्यात दोन मुलं. लोक रस्त्यावर उतरले. शेवटी बिबट्याला गोळी घालावी लागली. त्या आई-बापांसमोर ‘आजोबा’ लावून सहजीवनावर प्रवचन करायची हिंमत आमच्यात नाही. कोणात असू नये.

पण त्याच घटनेत पुन्हा खलनायक शोधणं चाललं होतं, हेही बघा. काहींना बिबट्या खलनायक, काहींना वनखातं, आणि शहरातल्या काहींना चक्क शेतकरी. ऊस मात्र कोणाच्याच तोंडी आरोपी म्हणून आला नाही. येणार कसा? घोडचं धरण, चासकमानचा कालवा, कुकडीचं पाणी. त्या पाण्यानं घरं उभी राहिली, मुलं शिकली. ते पाणी गुन्हा नाहीच. पण त्या पाण्यानं एका जनावराला बारा महिने हिरवं रान उभं करून दिलं आणि दुसऱ्या एका जनावराचं घर काढून घेतलं. हे दुसरं जनावर म्हणजे लांडगा, आणि आजच्या भाषणाचा मुद्दा तोच आहे.

शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, पुरंदर हा पट्टा मुळात माळाचा. कुसळी गवत, मुरमाड जमीन, मधूनच बाभळ-बोर. इथलं जनावर म्हणजे लांडगा, खोकड, चिंकारा, तरस. बारामती तालुक्यात सुप्याला मयुरेश्वर अभयारण्य आहे, चिंकाऱ्यांसाठीच केलेलं. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. बाकी सगळा माळ अभयारण्याबाहेर. लांडग्याला कायद्यानं वाघाइतकंच संरक्षण आहे, पहिल्या अनुसूचीत. पण वाघाला राखीव जंगल आहे, लांडग्याला सातबारा आहे. आणि सातबाऱ्यावर त्याच्या घराचं नाव काय? पडीक. पोटखराबा. फार तर गायरान. ज्या जमिनीला कागदावर ‘खराब’ म्हटलं, तिचं काहीतरी ‘चांगलं’ करायला सगळेच धावतात. कोणी प्लॉटिंग करतं, कोणी एमआयडीसी मागतं, कोणी सोलर, आणि पर्यावरणप्रेमी येऊन चर खणतात आणि झाडं लावतात. माळावर झाडं लावणं हीसुद्धा माळाची मोडतोड आहे, हे सांगितलं की लोक आपल्याकडे वेड्यासारखं बघतात.

सगळ्या देशात लांडगे तीन हजारांच्या आसपास असावेत असा अंदाज आहे. म्हणजे वाघांपेक्षा कमीच. त्यात कुत्र्यांची भर. वाढत्या वस्त्या, ढाबे, पोल्ट्रीचा उघड्यावर टाकलेला कचरा, त्यावर पोसलेली मोकाट कुत्री माळावर जातात. त्यांच्याकडून रेबीज आणि डिस्टेंपर लांडग्यांत शिरू शकतो. गीरच्या सिंहांत २०१८ साली डिस्टेंपरनं काय झालं ते आपण पाहिलंय. आणि लांडगा इतका विरळ झाला की जोडीदार म्हणून कुत्राच समोर येतो. २०२३ साली पुण्याजवळच्या माळावरच्या अशा संकराचा जनुकीय पुरावा जाहीर झाला. ग्रासलँड्स ट्रस्ट, अत्री आणि एनसीबीएस या संस्थांचं ते काम. म्हणजे गोळी नाही, फासा नाही, रक्ताचा थेंब नाही, आणि तरी जनावर संपू शकतं. गोरिलाच्या गोष्टीत जशी सर्दी, तसा इथे ढाब्यामागचा कचरा.

यावर सिनेमा आहे का? आम्हाला तरी मराठीत यावर उभा राहिलेला मोठा चित्रपट आठवत नाही. लांडग्याची आपल्याकडे गोष्ट एकच, लांडगा आला रे आला. लहानपणापासून ती ऐकून आपण शिकलो की खोटं बोलू नये. लांडगा तिथे निमित्तापुरता. आज माळावर उलटं चाललंय. लांडगा चालला आहे, आणि ओरडणारं पोरगं टेकडीवर नाहीच.

कोणी म्हणेल, ‘मग काय, दिग्दर्शकानं पडद्यावर सातबारा दाखवायचा? कालव्याचा नकाशा दाखवायचा? खलनायकाशिवाय गोष्ट होते का?’ प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर आहे, होते, आणि मराठीत ती झालेली आहे. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’, १९५५ ची. पुढे १९९५ मध्ये अमोल पालेकरांनी तिच्यावर चित्रपट केला. धनगरांची एक वाडी, मेंढरं, माळ, एक तरुण मास्तर. शेवटी दुष्काळ येतो आणि वाडी उठून जाते. या सगळ्यात वाडी कोणी मारली? कोणीच नाही. सावकाराला किंवा पाटलाला पुढे करून माडगूळकरांना हिशेब मिटवता आला असता. त्यांनी तो मिटवला नाही. म्हणून ओस पडलेली वाडी आपल्याला इतक्या वर्षांनीही सुटत नाही. राग काढायला माणूस दिला नाही, त्यामुळे दुःख आपल्याकडेच राहिलं.

लांडग्याची गोष्ट त्याच माळावर आहे, त्याच धनगराच्या वाड्याभोवती. मेंढरू गेलं की धनगर चिडतो, त्याचं नुकसान खरं असतं. तरी त्याची चराई आणि लांडग्याचा माळ एकाच वेळी कुंपणाखाली जातात, म्हणून दोघांचं भवितव्य एकत्र बांधलेलं आहे. या दोघांना एका चौकटीत धरणारा कॅमेरा आम्हाला हवा आहे. त्यात शास्त्रज्ञ बाई असली तरी चालेल, नसली तरी चालेल. बिबट्याला जसं ‘आजोबा’ हे नाव मिळालं, तसं लांडग्याला नाव मिळालंच पाहिजे असंही नाही.

आणि प्रेक्षक म्हणून आपलं काम? पुढच्या वेळी वन्यप्राण्यांवरचा चित्रपट, माहितीपट, मोबाईलवरची क्लिप, काहीही पाहाल, तेव्हा दोन प्रश्न विचारा. यात ज्याच्यावर मला राग आला तो यातला सगळ्यात गरीब माणूस तर नाही ना? आणि यात जी जमीन दाखवली ती पन्नास वर्षांपूर्वी काय होती, तिथे आता काय पिकतं? विरुंगाच्या उतारावर याचं उत्तर पायरेथ्रम होतं, आपल्याकडे ऊस आणि प्लॉट आहे. या उत्तरानं कोणी तुरुंगात जाणार नाही. पण गावाच्या गायरानाचं काय करायचं हा विषय ग्रामसभेत निघेल, तेव्हा ‘ती जमीन रिकामीच आहे’ असं म्हणायला जीभ थोडी अडखळेल. तेवढं झालं तरी आमचं आजचं बोलणं वाया गेलं नाही असं आम्ही समजू.

आता प्रश्न घेऊ या. धनगर मंडळी मागे बसली आहेत, त्यांनी आधी बोलावं अशी विनंती आहे.